शेवटच्या काळाचा उपदेश करणाऱ्यांस खुले पत्र

महाराष्ट्रातील मराठी मंडळ्यांचे पाळक, उपदेशक, संडे स्कूलचे शिक्षक आणि घरोघरी प्रार्थनासभा घेणाऱ्या बंधुभगिनींनो,



कुठे युद्ध पेटलं, भूकंप झाला, साथ पसरली, की येत्या रविवारी व्यासपीठावरून काय ऐकायला मिळणार हे मंडळीत बसणाऱ्यांना आता सांगावं लागत नाही. मत्तयाचा चोविसावा अध्याय उघडतो, दानीएलाची सत्तर सप्तकं निघतात, प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय निघतो आणि तासाभरात पूर्ण वेळापत्रक मांडलं जातं: आधी कोण उचलले जाणार, मग सात वर्षांचं संकट, मग श्वापद, मग हजार वर्षांचं राज्य. सोमवारी तेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतं, सोबत बारकोड, आधार कार्ड, लस, तळहातात बसवायची चिप. म्हाताऱ्या माणसांची झोप उडते. मुलं आईला विचारतात, तू वर गेलीस आणि मी इथेच राहिलो तर?

तुमच्यापैकी पुष्कळजण तुटपुंज्या मानधनावर, दुचाकीत स्वतःच्या पैशाने पेट्रोल घालून खेडोपाडी फिरतात, आजाऱ्यांच्या उशाशी बसतात, मयताला सगळ्यांच्या आधी पोहोचतात. लोक तुमचा शब्द मानतात ते यामुळेच, आणि म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. ज्या वचनांवरून आपण लोकांना भिववतो, ती बहुतेक सगळी आधीच भ्यालेल्या माणसांना धीर यावा म्हणून लिहिलेली आहेत. कोणाला लिहिलं, कोणत्या प्रसंगी लिहिलं हे बाजूला पडलं आणि देवाने केलेल्या कराराचा आधार सुटला, की धीराचं पत्र धमकीचं होऊन बसतं. माझी विनंती एवढीच आहे की अवघड वचनांकडे करारातून या. आधी देवाने स्वतःला कशाने बांधून घेतलं ते सांगा. तारणाबद्दलचे इशारे आणि शेवटच्या काळाची चित्रं त्यानंतर.

उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायापासून सुरुवात करू या. अब्राम म्हातारा झालाय, पोटी मूल नाही, आणि देव म्हणतो की तुझी संतती आकाशातल्या ताऱ्यांइतकी होईल. अब्राम विश्वास ठेवतो. पण देशाचं वचन मिळाल्यावर तोच अब्राम विचारतो की हे मी कशावरून समजू? देव त्याच्यावर रागावत नाही. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचं पिल्लू आणायला सांगतो. अब्राम जनावरं मधोमध चिरतो, अर्ध्यासमोर अर्धं मांडतो. दिवसभर गिधाडं झेप घेतात आणि हा म्हातारा त्यांना हाकलत बसतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते, मोठा भयाण काळोख त्याच्यावर पडतो, आणि त्या अंधारात एक धुमसती भट्टी नि एक जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते.

तुकड्यांमधून चालण्याचा अर्थ यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात उघड होतो. यरुशलेमेच्या सरदारांनी इब्री दासदासींना मोकळं करण्याचा करार केला होता, वासरू चिरून त्याच्या भागांमधून ते चालले होते, आणि पुढे त्याच दासांना त्यांनी धरून परत कामाला जुंपलं. देव त्यांना सांगतो की करार मोडणाऱ्यांची मी त्या वासरासारखी गत करीन. म्हणजे मधून जाणारा माणूस स्वतःच्या जिवावर शपथ घेत होता. आता उत्पत्तीकडे परत या. अब्राम चालत नाही, तो झोपलेला आहे. मधून जाते ती फक्त आग. करार मोडला तर त्याची किंमत देव स्वतःच्या अंगावर घेतो. ख्रिस्ताच्या वधस्तंभाचा अर्थ मला याच रात्रीपाशी सगळ्यांत स्पष्ट कळतो. किती मंडळ्यांमध्ये या अध्यायावर सलग दोन रविवार उपदेश झाला असेल? श्वापदाच्या आकड्यावर मात्र होतो.

सगळे करार एकसारखे नाहीत हे खरं. सीनाय पर्वतावरच्या करारात अटी आहेत, आशीर्वाद आणि शाप दोन्ही आहेत. यिर्मयाचा एकतिसावा अध्याय नव्या कराराचं वचन देतो तेही इस्राएलाच्या आणि यहूदाच्या घराण्याला. आणि इब्री लोकांस पत्राचा आठवा अध्याय तो उतारा जवळजवळ सगळा घेऊन म्हणतो की पहिला करार जुना होऊन नाहीसा व्हायला आला आहे. उलट रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल म्हणतो की देवाची दानं आणि त्याचं पाचारण मागे घेतलं जात नाही. या दोन वाक्यांचा मेळ लावणं सोपं नाही. माझं मत असं की इब्रीकर याजकपण, मंदिर आणि बळी यांची व्यवस्था संपण्याबद्दल बोलतो आहे, आणि पौल माणसांबद्दल. व्यवस्था बदलली म्हणून लोक टाकले गेले असा निष्कर्ष पौल काढू देत नाही.

पौलाने हे का लिहिलं तेही पाहा. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोमेतून घालवलं होतं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला त्यामुळेच करिंथात आले, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. सन 54 मध्ये क्लौद्य मेला, यहूदी परतू लागले, तोवर रोमेच्या मंडळीत परराष्ट्रीयांचं बळ वाढलं होतं. त्या बळावर मान ताठ करणाऱ्यांना पौल जैतुनाच्या झाडाचं चित्र दाखवतो: तुम्ही रानटी जैतुनाच्या फांद्या, मुळावर कलम केलेल्या, मूळ तुम्हांला धरून आहे, तुम्ही मुळाला नाही. तोडलेल्या फांद्यांसमोर फुशारकी नको.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतकं आपले शेजारी होते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 सालचं, दिवेकरांनी बांधलेलं. अब्राहाम आणि योसेफाच्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनं रचली. पुढे बहुतेक कुटुंबं इस्राएलात गेली, मराठी सोबत घेऊन. देवाने यहूद्यांना कायमचं टाकून दिलं असं कोणी व्यासपीठावरून ठासून सांगतं, तेव्हा अलिबाग-पेणच्या या माणसांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोर येतात. आणि शेवटच्या काळाच्या तक्त्यात एक सोंगटी म्हणून, तिकडच्या प्रत्येक लढाईवर आनंद मानत कोणी त्यांचा उल्लेख करतं, तेव्हाही तेच चेहरे येतात. पहिल्याने त्यांना टाकलं, दुसऱ्याने वापरलं. पौलाने यांपैकी काहीच केलं नाही. आपल्या लोकांसाठी ख्रिस्तापासून आपणच शापित व्हावं इतकं त्याचं काळीज तुटत होतं, आणि सगळ्या इस्राएलाचं तारण होईल असं तो लिहून गेला. धर्मसुधारक कॅल्विनने त्या वाक्यातलं इस्राएल म्हणजे यहूदी आणि परराष्ट्रीय मिळून देवाची सगळी प्रजा असं घेतलं. मला ते पटत नाही. आधीच्याच ओळीत पौल यहूद्यांबद्दल बोलतो आहे आणि लगेच पुढे त्याने अर्थ पालटला असेल असं वाटत नाही. पण कधी आणि कसं हे पौल सांगत नाही. तो तारखा देण्याऐवजी देवाच्या ज्ञानाच्या खोलीपुढे थक्क होऊन स्तुती करतो.

आता इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय. याबद्दल मला सगळ्यांत जास्त कळकळ आहे. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा मुलगा दारूपायी मंडळीपासून तुटला होता. पुढे तो सावरला, आईला रविवारी मोटारसायकलवर घेऊन येऊ लागला. आई प्रभुभोजन घेईपर्यंत तो फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा राहायचा. आत का येत नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाला, “एकदा चाखून जो पडला त्याला परत पश्चात्ताप नाही. मी उपदेशात ऐकलंय. माझं नाव खोडलंय, आता आत येऊन काय करू?” ज्याने तो उपदेश केला त्याला हे कधी कळलंही नसेल. चौथं, पाचवं आणि सहावं वचन वाचून त्याने शास्त्र मिटलं होतं.

नवव्या वचनात लेखक लगेच वळतो. प्रिय जनहो म्हणून हाक मारतो आणि म्हणतो की तुमच्याविषयी आमची खात्री याहून चांगल्या गोष्टींची आहे. दहाव्यात म्हणतो की तुमचं काम आणि तुमची प्रीती विसरायला देव अन्यायी नाही. तेराव्यापासून कोणाची गोष्ट सुरू होते? अब्राहामाची. देवाला शपथ घ्यायला स्वतःहून मोठं कोणी नव्हतं म्हणून त्याने स्वतःचीच शपथ घेतली. त्या शपथेला धरून आपली आशा जिवाच्या नांगरासारखी पडद्याच्या आत रोवलेली आहे, इथे अध्याय थांबतो. इशारा आणि करार एकाच अध्यायात, विसाच वचनांत आहेत. इशारा वाचून करार गाळणं हे अर्धं वाचन आहे, आणि त्या मुलासारख्यांना ते बाहेर उभं करतं.

इशारा खोटा आहे किंवा नुसता दाखवायला आहे असं मी म्हणत नाही. ज्यांना तो लिहिला ते छळाने थकले होते. दहाव्या अध्यायात दिसतं की त्यांची भर चौकात निंदा झाली होती, त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, आणि काहींनी एकत्र जमणं सोडलं होतं. ख्रिस्ताला उघडपणे नाकारून त्यातून सुटका करून घेऊ असा विचार ज्यांच्या मनात घोळत होता, त्यांना लेखक सांगतो की दुसरा बळी कुठेही नाही, तिकडे वाट नाही. दारात येऊन रडणाऱ्याला हाकलण्यासाठी हे लिहिलेलं नाही. मंडळीने या प्रश्नाचा फार पूर्वी, फार कठीण प्रसंगी विचार केला आहे. सन 250 मध्ये देकियस सम्राटाने सगळ्यांना देवतांना बळी द्यायला लावलं आणि तसा दाखला घ्यायला लावला. असे दाखले मिसरच्या वाळूत सापडले आहेत. कित्येक ख्रिस्ती लोक डगमगले, त्यांनी धूप घातला, आणि संकट ओसरल्यावर रडत परत आले. रोमेत नोवातियन म्हणाला, यांना आत घेता येणार नाही. कार्थेजचा सिप्रियान म्हणाला, पश्चात्तापाची कसोटी लावा, पण दार बंद करू नका. मंडळीने सिप्रियानचं ऐकलं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला प्रभूने कोळशांच्या विस्तवापाशी बसवून तीनदा विचारलं होतं आणि मेंढरं त्याच्याच हाती सोपवली होती.

पौल विश्वासाने नीतिमान म्हणतो आणि याकोब कर्मांनी म्हणतो, हे कोडं त्यामानाने हलकं आहे. दोघेही अब्राहामालाच साक्षीला उभं करतात. पौल ताऱ्यांच्या रात्रीकडे बोट दाखवतो, याकोब इसहाकाला वेदीवर घेऊन जाण्याच्या दिवसाकडे, आणि मधे कितीतरी वर्षं गेली आहेत. कराराने ज्याला धरलं त्याच्या आयुष्यात ते पुढे दिसून येतं, एवढंच दोघे मिळून सांगतात.

शेवटच्या काळाकडे येतो. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र हे पौलाच्या सर्वांत जुन्या पत्रांपैकी एक, सन 50 च्या सुमाराचं. त्या नव्या मंडळीत काही मयत झाले होते आणि मागे राहिलेल्यांना काळजी पडली होती: प्रभू येईल तेव्हा आमच्या मेलेल्यांचं काय? ते मुकले का? चौथ्या अध्यायातलं ढगांत घेतलं जाण्याचं सगळं चित्र या एका प्रश्नाचं उत्तर आहे. मेलेले मागे राहणार नाहीत, ते आधी उठतील. पौल स्वतः सांगतो की या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. प्रभूला सामोरं जाण्याचं हे चित्र त्या काळच्या एका रीतीचं आहे: राजा नगराकडे येताना लोक वेशीबाहेर जाऊन त्याला सन्मानाने आत आणत. पौल रोमेला निघाला तेव्हा तिथले बंधू असेच अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला सामोरे गेले होते. आपण ते चित्र उलटं केलं. मयताच्या घरी वाचायचं वचन मुलांना रात्री दचकवण्यासाठी वापरू लागलो.

त्याच गावात पुढे अफवा उठली की प्रभूचा दिवस येऊन ठेपला, आणि काहींनी कामधंदा सोडला. पौलाने त्यांना लिहिलं ते फार साधं आहे: ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. शेवट जवळ आला म्हणून शेत पडीक ठेवायचं नाही, मुलीची शाळा थांबवायची नाही, कर्ज बुडवायचं नाही.

मत्तयाचा चोविसावा अध्याय मंदिराच्या दगडांवरून सुरू होतो. शिष्य दगड दाखवतात, येशू म्हणतो की यातला दगडावर दगड राहणार नाही, आणि सन 70 मध्ये रोमी सेनापती तीताच्या सैन्याने ते खरं केलं. ही पिढी नाहीशी होणार नाही हे त्या अध्यायातलं वाक्य पुष्कळांना अडतं, पण यरुशलेमेचा नाश त्या पिढीने खरोखर डोळ्यांनी पाहिला. लूकाच्या एकविसाव्या अध्यायात तर नगराला सैन्यांचा वेढा पडेल असं सरळच आहे. सगळा अध्याय तेवढ्यावर संपतो असं मी मानत नाही; प्रभू पुन्हा येणार यावर माझा विश्वास आहे आणि तो विश्वास मला प्रिय आहे. मात्र शेतातल्या दोघांपैकी एक घेतला जाईल या वचनावर आपण जी इमारत उभी केली आहे ती तपासून पाहा. त्याच्या आधीच नोहाच्या दिवसांची आठवण आहे. तिथे जलप्रलयाने कोणाला वाहून नेलं? बेसावध लोकांना. मागे उरला तो नोहा.

आपण जो तक्ता शिकवतो तो प्रेषितांच्या काळापासून चालत आलेला नाही. मंडळी गुप्तपणे वर घेतली जाईल आणि त्यानंतर सात वर्षं संकट, ही मांडणी जॉन नेल्सन डार्बीने एकोणिसाव्या शतकात पसरवली, आणि 1909 च्या स्कोफील्ड बायबलने ती शास्त्राच्या त्याच पानावर, वचनांच्या खाली टीपा म्हणून छापली. वाचणाऱ्यांच्या मनात टीप आणि वचन एक झालं. हजार वर्षांच्या राज्याबद्दल प्राचीन मंडळीच्या गुरूंपैकी इरेनियस एक मानत होता आणि ऑगस्टीन दुसरं. दोघांनाही मंडळीने आपलेच म्हटलं. ज्या गोष्टीबद्दल एवढ्या मोठ्या माणसांचं एकमत नाही, ती मान्य नसणाऱ्याला तारण नाही असं कोणत्या अधिकाराने सांगायचं?

तारखांचं तर विचारूच नका. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्याचा दिवस 22 ऑक्टोबर 1844 धरला. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. हॅरोल्ड कॅम्पिंगने 21 मे 2011 सांगितली, आणि तिच्यावर भरवसा ठेवून लोकांनी साठवलेले पैसे जाहिरातींवर घातले. त्या तारखा उलटल्यावर जी माणसं शास्त्राला कायमची पाठमोरी झाली, त्यांचा हिशेब कोण देणार? तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असं पुत्राने स्वतः सांगितलं आहे.

आणि प्रकटीकरण. ते आशियातल्या सात मंडळ्यांना पाठवलेलं पत्र आहे, मंडळीत मोठ्याने वाचायला दिलेलं. स्मुर्णाची मंडळी गरीब होती. पर्गमात अंतिपा मारला गेला होता. लावदिकीया सन 60 च्या भूकंपात पडलं आणि रोमेची मदत न घेता स्वतःच्या पैशाने पुन्हा उभं राहिलं. मला कशाची उणीव नाही असं त्या मंडळीच्या तोंडी योहान घालतो ते उगाच नाही. तेराव्या अध्यायातला आकडा ज्याला समज आहे त्याने मोजावा असं योहान म्हणतो, म्हणजे त्याच्या वाचकांना तो मोजता येण्यासारखा होता. नीरो कैसर हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की 666 येते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत जो 616 आहे तोही त्याच नावाच्या लॅटिन रूपाशी जुळतो. दुसऱ्या शतकातच इरेनियसने बजावलं होतं की नावांचे तर्क लढवू नका.

त्याच पुस्तकाचा अठरावा अध्याय आपण वाचतच नाही याचं मला वाईट वाटतं. बाबेल पडते तेव्हा व्यापारी रडतात, आणि त्यांच्या मालाची यादी येते: सोनं, रुपं, मोती, तागाचं तलम कापड, हस्तिदंत, दालचिनी, द्राक्षारस, गहू, गुरं, मेंढरं, घोडे, रथ, आणि शेवटी माणसं, माणसांचे जीव. श्वापदाच्या नगरीची खूण योहानाने तिथे दिली आहे. मराठवाड्यातून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जाणारी ऊसतोड कुटुंबं आपल्याच मंडळ्यांतही आहेत. आधार कार्डावर श्वापदाची खूण शोधणाऱ्या उपदेशकाने हंगामात त्यांच्या पालावर जाऊन ही यादी वाचावी. त्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरात घातली. खेड्यातल्या साध्या बाईला ते स्वतः वाचता यावं हा त्यामागचा ध्यास होता. तिला वाचता येतं. तिच्या हातात तुमचा तक्ता देण्याआधी तिला अख्खा अध्याय द्या.

येत्या आगमनकाळात एवढं करून पाहाल का? पहिल्या रविवारी उत्पत्तीचा पंधरावा. दुसऱ्या रविवारी इब्री लोकांस पत्राचा सहावा, विसाव्या वचनापर्यंत. तिसऱ्या रविवारी थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र सगळं वाचा, वीस मिनिटंही लागत नाहीत; ज्यांच्या घरी यंदा मयत झालं त्यांना पुढे बसवा. चौथ्या रविवारी संध्याकाळी प्रकटीकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने, निरनिराळ्या आवाजांत, मधे काही न समजावता. तास-दीड तासाचं काम आहे. त्यानंतर लोकांना प्रश्न विचारू द्या. उत्तर ठाऊक नसेल तिथे ठाऊक नाही असं सांगा. आणि फाटकाबाहेर कोणी उभं असेल, तर उपासना सुरू होण्याआधी बाहेर जाऊन त्याला घेऊन या.

प्रभूच्या सेवेत तुमच्यासोबत असलेला,
मंडळीतील एक शास्त्रवाचक